पारबताबाईचं जलदान

"आर्याजी, तुम्ही जरा खाली बसता का? भंतेजी येऊन राह्यले."

पारबताबाईचा पोरगा बोलला हे. भरल्या मांडवात. शाळेत मास्तर आहे तो. दरवर्षी पोरांकडून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेते.

सावली तालुक्यातल्या एका गावात पारबताबाईचं जलदान होतं. माणूस गेलं की आमच्या बौद्ध लोकाईत हा विधी करतात. मी भिक्खुणी, आर्याजी म्हणतात मले. आसनावर बसली होती ते काई फुकट नाई. खाटेवर पडल्या पडल्या पारबताबाईनं माहा हात धरून सांगतलं होतं, "माह्या जलदानाले बुद्धवचनाचं सुत्त तूच म्हणजो. दुसऱ्यानं म्हटलेलं मले ऐकूच येणार नाई." मास्तर तिथीच उभा होता. मान हलवली होती त्यानं.

मी चीवर घेतलं तवा माह्या सख्ख्या भावानं दार लावून घेतलं. माह्या पात्रात पहिला भात टाकला तो पारबताबाईनं. पायाले धानाच्या रोवण्याचा चिखल तसाच. म्हणून तिचा शब्द माह्यासाठी लय मोठा.

तरी मी उठली. बायांच्या सतरंजीवर जाऊन बसली.

भंतेजी आले. चीवर नवं कोरं. मी दीक्षा घेतली तवा हा पोरगा शाळेत नाक पुसत असल. म्हातारे कोतारे त्याच्या पाया पडले. मलेही वाकावं लागलं. भिक्खुणी कितीका जुनी असेना, कालच्या भिक्खूलेही तिनं वंदन करावं, असा नियम दाखवतात आम्हाले. वाकली मी. अंगाची लाही लाही झाली, खोटं काऊन बोलू?

भंतेजींले चामोर्शीत दुसरा कार्यक्रम होता. त्यांनी त्रिशरण पंचशील दिलं, चार गाथा म्हटल्या आन् आवरतं घेतलं. पारबताबाईच्या सुत्ताचा पत्ताच नाई.

मग मास्तर माह्याजवळ आला. भंतेजींचं भोजन बाराच्या आत झालं पाहिजे आन् रांधणाऱ्या बाया कमी पडून राह्यल्या, म्हणे. तुम्ही तं घरच्याच आहा. मी चुलीपुढे बसून पुऱ्या तळल्या. बाराचा नियम मलेही आहे. दुपार झाली की माह्याही पोटात अन्न जात नाई. पण भूक फक्त भंतेजींले लागते, असंच सगळ्याईले वाटते.

माह्यासमोर ताट आलं तवा दुपार कलून गेली होती.

"जेवा बाई," मास्तर म्हणाला.

सकाळची आर्याजी दुपारी नुसती बाई झाली. मी ताट सरकवलं. विचारलं, आईचं सुत्त कवा म्हणणार? तो म्हणाला, विधी झाला न आता. हात धुतले, मांडवात गेली आन् आसनावर जाऊन बसली.

मास्तर धावतच आला. "भंतेजींच्या आसनावर? लोकं काय म्हणतीन?"

"तुह्या मायनं काय म्हटलं होतं, ते सांग लोकाईले."

तो भंतेजींले गाडीपर्यंत सोडायले वळला. भंतेजी गाडीत बसून निघून गेले. पुरुष माणसं कुरकुर करत उठली, त्याईच्या मागं बायाही उठल्या. पारबताबाईची जाऊ तेवढी बसून राह्यली, डोळ्याले पदर लावून. मी सुत्त म्हटलं. पूर्ण म्हटलं. पोटात आग होती, तरी आवाज कापला नाई.

त्या दिवसापासून मले त्या गावात कोणी बोलावत नाई. मोठ्या भिक्खूंचा निरोप आला, माफी मागा. माफी कशाची? मी बुद्धापुढं वाकते. शीलवान माणसापुढं वाकते, मग तो भिक्खू असो की भिक्खुणी. नुसता पुरुष आहे म्हणून कोणापुढं वाकणार नाई. रांधायले बोलवायचं असल तं दुसरी पाहा. आन् या बोलण्यापायी चीवर काढून घेता, तं घ्या. मी लुगडं नेसून सुत्त म्हणीन.