मागे ठेवलेल्या गोण्या

मुकादम बोलताना माणसाकडे बघत नसत, मालाकडे बघत. गोण्यांच्या दोन थरांमध्ये कोपरापर्यंत हात घालायचा, थोडा वेळ तसंच उभं राहायचं आणि मग निकाल द्यायचा, "गरम हाय. हलवा." मी त्यांना थर्मामीटर आणून दिला होता. तो त्यांनी खिशात ठेवला आणि हात घालणं चालू ठेवलं.

आमचं मनमाडच्या अलीकडे कांद्याचं खळं आहे. कांदा निवडायचा, गोण्या भरायच्या, बाहेर पाठवायचा. वडिलांनंतर ते मी बघते. माल ट्रकनं जायचा, पार बिहार-आसामपर्यंत. वाटेत चार दिवस अडकला की निम्मा सडून पोचायचा. गावाच्या स्टेशनवर मालधक्का होता, पण तिथं मालगाडी भरायला उभी केली की मागच्या पॅसेंजर खोळंबायच्या, म्हणून तो बंद पडला. त्याबरोबर मुकादमांची हमालांची टोळीही पांगली. कुणी नाशिकला बांधकामावर गेलं, कुणी ट्रकवर. पुढे तिसरी लाइन पडली, मालगाडीला उभं राहायला जागा झाली आणि आम्ही चार-पाच व्यापाऱ्यांनी अर्ज करून धक्का परत मागितला. धावाधाव मी केली. कांद्याच्या वॅगन भरायचं माहीत असलेला माणूस मात्र गावात एकच उरला होता, आणि तो सत्तरीला आला होता.

"टोळीतली पोरं गावात परत येणार असली तर येतो, ताई. नायतर मला घरी लय काम हाय," मुकादम म्हणाले. घरी त्यांना काही काम नव्हतं.

ते आले आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांशी वाद घालू लागले. वॅगनच्या दोन्ही दारांसमोरची जागा रिकामी सोडायची, दारं अर्धी उघडी ठेवून आडवे बांबू बांधायचे, हा त्यांचा नियम. ट्रक भरणाऱ्या पोरांना ती जागा फुकट जाते असं वाटे. मुकादम सांगत, "ट्रकवरच्या मालाला वारा लागतो. ही पत्र्याची खोली हाय. तुला कोंडला असता म्हंजे कळलं असतं."

आमच्या ड्रायव्हरला ही मालगाडीची भानगड आवडली नव्हती. "मुकादम, तुमची गाडी पोचेपर्यंत कांद्याला कोंब फुटतील," तो म्हणाला.

"फुटू दे. तुझा ट्रक चांदवडच्या घाटात उभा राहून राहून त्याला मुळ्या फुटल्यात, ते बघ आधी."

पहिली गाडी लागली तेव्हा स्टेशनमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की ठरलेल्या वेळेत भरून निघाली तर पुढची मिळेल, नाहीतर तुमचा माल मनमाडला न्या. टोळीतली परत आलेली माणसं हे ऐकत उभी होती. दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं. मग गाडीच्या शेपटाकडच्या तीन वॅगन पोरांनी ट्रकसारख्या भरल्याचं मुकादमांना दिसलं. जमिनीपासून छतापर्यंत, दारापासून दारापर्यंत, बोट शिरायला जागा नाही. तास-दीड तास उरला होता.

"आता राहू द्या," मी म्हणाले. "पुन्हा रचत बसलो तर धक्का जाईल."

"तश्याच धाडल्या तर माल सडंल. मग पुढची गाडी मागणार कोण?" ते वॅगनवर चढले. "रचायचं नाय. दारातल्या गोण्या खाली घ्या अन् इथंच ठेवा."

"कुणाच्या?"

"तुमच्या. या तिन्ही वॅगनी तुमच्याच हायेत."

मी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोरांना हात चालवायला सांगितलं. गाडी वेळेत निघाली. माझ्या गोण्यांची रास उन्हात धक्क्यावर राहिली आणि बाकीचे व्यापारी मला चहा पाजायला आले. त्यांना मजा वाटत होती हे दिसत होतं. मी मुकादमांशी आठवडाभर बोलले नाही. नंतर तिकडून फोन आला, माल कोरडा पोचला. पुढची गाडी मंजूर झाली, मग त्याच्या पुढची. मी मुकादमांना तुमचं बरोबर होतं असं काही म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

दोन हंगाम त्यांनी काढले. मग गुडघे गेले आणि ते नांदगावला लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला गेले तेव्हा खाटेवर बसून होते. धक्का वाढवताहेत, आता अख्खी गाडी एकदम लागेल, असं मी सांगितलं.

"यंदा किती गोण्या मागं ठेवल्या?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"एकबी नाय?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मग कुणीतरी कोंबतंय, ताई."

मी विषय बदलला. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम गेले.

त्या हंगामातल्या पहिल्या गाडीला मी स्वतः शेवटच्या वॅगनपर्यंत चालत गेले. दारासमोरची जागा भरून टाकलेल्या दोन वॅगन सापडल्या. गोण्यांवर आमच्याच खळ्याची खूण होती. सांगितलं मीच होतं, थोड्याशा जास्त बसवा म्हणून. मी त्या खाली घ्यायला लावल्या. टोळीतल्या एकानं विचारलं, मागं कुणाच्या ठेवायच्या. माझ्या, म्हटलं, आणि हात चालवा, वेळ होतोय.