क्वाकताक, तासाभराचं अंतर

"तासाभराचं तर विमान," ह्यांनी मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला आमच्या स्वयंपाकघरात फोनवर नकाशा ताणून दाखवला. कूजुआक ते क्वाकताक, दोन बोटं. मॉन्ट्रियलहून कूजुआकपर्यंत मोठं विमान, पुढे लहान. क्वाकताक म्हणजे क्वेबेकच्या उत्तर टोकाचं इनुइट गाव; तिथल्या दवाखान्यात आमची लेक रेवा नर्स आहे. तिचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि मी तिला घरी आणायला निघाले होते. आमिष म्हणून सोबत थालीपिठाची भाजणी आणि कोथिंबिरीची ताजी जुडी.

कूजुआकच्या काउंटरवरची बाई म्हणाली, "आय!" आमच्या गावाकडे आईला आय म्हणतात, म्हणून मी सवयीने "काय गं?" केलं. आय म्हणजे इथला नमस्कार. बाईचं नाव लिझी. पास घेऊन मी तिला "येते हं" म्हणाले आणि विमानात बसले.

क्वाकताक आलं. खाली गाव आहे, असं पायलट म्हणाला. मला धुकं दिसलं. दोन घिरट्या घालून विमान आल्या वाटेने फिरलं आणि दोन तास उडून मी निघाले होते तिथेच उतरले. दुपारी पुन्हा "येते", पुन्हा धुकं, पुन्हा लिझी.

"जाताना तू काय म्हणतेस?" तिने विचारलं.

आमच्यात 'जाते' म्हणणं अशुभ, म्हणून 'येते' म्हणतात, हे मी समजावून सांगितलं.

लिझी हसली नाही. "म्हणजे तू सांगूनच परत येतेस. उद्या गप्प बस."

संध्याकाळी हॉटेलच्या बेसिनमध्ये कोथिंबीर भिजत घातली. सकाळी लिझीला नुसता हात केला. विमान सरळ जाऊन उतरलं.

एकही झाड नाही. तांबूस खडक, पलीकडे काळं पाणी. धावपट्टीच्या कडेने रेवा पळत आली. "आय!" ब्रॉसार्डात वाढलेली पोर, जन्मभर मॉम म्हणत आली. माझे डोळे भरले. ती माझ्या मागे उतरलेल्या आजींना नमस्कार करत होती.

"हाय मॉम," मग ती म्हणाली.

त्याच आजींनी संध्याकाळी इकालुक (लालसर मांसाचा मासा) पाठवला. थालीपिठाबरोबर बरा लागला. कोथिंबिरीच्या काड्याच उरल्या होत्या, त्या घातल्या. मी विषय काढायच्या आत रेवा म्हणाली, "मॉम, डोन्ट बी मॅड. मी अजून एक वर्ष एक्स्टेंड केलंय. ऑलरेडी साइन केलं."

मला राग आला, रडूही आलं, आणि तव्यावरचं थालीपीठ करपलं. रेवाने ते तसंच खाल्लं. पुढचे चार दिवस मी तिच्या दवाखान्यात बसून पाहिलं. दारातून येणारा प्रत्येक जण तिला "आय" म्हणायचा आणि ती प्रत्येकाला ओ द्यायची.

निघायच्या दिवशी मी धुक्याची वाट पाहिली. आभाळ लख्ख. रेवाला तीनदा "येते" म्हणाले. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने, पायलटला ऐकू जाईल असं. विमान तासाच्या आत कूजुआकला उतरलं.

"आज विसरलीस की काय म्हणायला?" लिझीने विचारलं.

"म्हटलं होतं," मी म्हणाले. "पायलटने ऐकलं नाही."

घरी ह्यांनी दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं आणि बॅग आत घेतली. ती भिंतीशी ठेवत म्हणाले, "तासाभराचंच आहे ना गं?"

"फक्त यायला," मी म्हणाले.