निळ्या मुठीचा रंधा

आमच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक लोखंडी रंधा असायचा. लाकूड तासून गुळगुळीत करायचं सुताराचं हत्यार. मागे धरायला लाकडी मूठ, पुढे दाबायला लाकडी गोळा, दोन्ही निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले. खंडेनवमीला आई त्याला हळद-कुंकू लावायची, झेंडू वाहायची. एरवीही रोज सकाळी देवांची भांडी झाली की त्याला ओल्या फडक्याने पुसायची. त्या फडक्यानेच तो गंजत होता, पण हे आईला सांगायचा मला धीर होत नव्हता.

रंधा बाबांचा. बाबा सुतार होते. पेणच्या बाजूच्या आमच्या गावातून जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांना मूर्ती ठेवायच्या फळ्या ते करून द्यायचे, पण त्यांचं मोठं काम रोह्याला चालायचं. तिथे नदीजवळ त्यांच्या जोडीदाराची शेड होती. त्यांना मी काका म्हणायची. दोघे मिळून दारं-खिडक्या करायचे. दोघांचे रंधेही सारखेच होते. तरुणपणी मुंबईच्या जुन्या बाजारात एकाच दिवशी घेतलेले, विलायती. एकसारखे दोन मिळाले याचं दोघांना शेवटपर्यंत अप्रूप होतं.

सुट्टीत बाबा मला शेडवर न्यायचे. रंधा मारताना लांब फळी हलू नये म्हणून मला तिच्या टोकाला बसवायचे.

"खात जा गो काहीतरी," काका म्हणायचे. "फळीच तुला घेऊन चाललीय."

"माझ्या पोरीला नजर लावू नको. तुझी फळी हलते, कारण तू रंधा ढकलतोस म्हशीसारखा."

"आणि तू डावरा. उलट्या हातानं मारतोस म्हणून लाकूड घाबरून गप बसतं."

बाबा डावखुरे होते. मूठ डाव्या हातात धरून ते सगळं अंग पुढे झुकवायचे आणि पातळ, गुंडाळी झालेले छिलके माझ्या पायावर येऊन पडायचे. मी ते कानात अडकवायची. एकदा मी रंध्याच्या मुठीला आईची नेलपॉलिश लावायला घेतली, तेव्हा बाबांनी हळूच माझा हात बाजूला केला. म्हणाले, "मुठीला रंग नाय लावायचा. लाकडाला घाम पिऊ द्यावा." मला ते गमतीचं वाटलं होतं.

मी शाळेत असतानाच बाबा काविळीने गेले. त्यांची हत्यारांची पेटी रोह्यालाच राहिली. पुढच्या वर्षी खंडेनवमी जवळ आली तेव्हा आईने काकांना निरोप पाठवला की बाकी हत्यारं तुम्ही वापरा, त्यांचा रंधा तेवढा मला पूजेला द्या. काका स्वतः घेऊन आले. गोणपाटातून काढून त्यांनी तो आईपुढे ठेवला, तेव्हा रंगाचा वास अजून येत होता.

"मूठ जरा रंगवली, वहिनी. पूजेत बरी दिसेल."

चहा ठेवते म्हणेपर्यंत ते उठले. त्यानंतर ते आमच्याकडे फारसे आले नाहीत. आई म्हणायची, जोडीदार गेलेल्या माणसाला त्या घरात पाय ठेवणं जड जात असेल.

पुढे मी पेणच्या कॉलेजात जाऊ लागले. आमच्या घरातलं तिथवर पोहोचणारं मीच पहिलं माणूस. हातात मोबाईल आला आणि एक दिवस त्यावर कुणीतरी परदेशी म्हातारा जुना रंधा साफ करताना दिसला. गंजाखालून चकचकीत लोखंड वर आलं. ते पाहून, आपला रंधाही तसा साफ करू का, असं मी आईला विचारलं.

"खराब नाय ना करणार?" आई म्हणाली. "त्यांचा हात लागलेलं तेवढंच हाय घरात. कपडे तर देऊन टाकले."

मी जपून करेन म्हटलं.

वर्तमानपत्र पसरून मी रंध्याचा एकेक भाग सोडवला आणि ज्या क्रमाने सुटला त्या क्रमाने मांडून ठेवला. पातं, पात्यावरचं झाकण, स्क्रू. रॉकेलमध्ये भिजवल्यावर फटींमधून इतक्या वर्षांचं कुंकू लाल चिखल होऊन बाहेर आलं. पात्याखाली लोखंडात ओतलेली इंग्रजी अक्षरं दिसली, गावाचं नाव, एक आकडा. जुन्या हत्यारांची आवड असलेल्या लोकांचा एक गट मोबाईलवर होता. तिथे मी भीतभीत फोटो टाकले. आपल्याला इंग्रजीत नीट विचारता येत नाही असं वाटत होतं. पण एकाने सावकाश समजावून लिहिलं. रंधा खरोखर विलायती होता, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा. पातंही मूळचंच. ज्याने वापरला तो चांगला कारागीर असला पाहिजे, कारण पात्याची धार कुठे वाकडी गेलेली नाही.

मी आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा विचारलं, "चांगला कारागीर होता म्हणतो?"

मूठ मी शेवटी घेतली. निळा रंग काचकागदाने हळूहळू उतरवला. खाली काळपट लाल शिसवी लाकूड होतं, हाताच्या घासण्याने तुकतुकीत झालेलं. एका बाजूला अंगठा टेकतो तिथे लाकूड झिजून चांगलं खोलगट झालं होतं. बाबांचा अंगठा, असं मनात आलं आणि मी मूठ त्यांच्यासारखी डाव्या हातात धरली. माझा अंगठा सपाट लाकडावर पडला. खोलगट जागा दुसऱ्या बाजूला होती. मी हात बदलला. उजव्या हाताचा अंगठा त्या जागेत बरोबर बसला.

मी बराच वेळ मूठ दोन्ही हातांत फिरवून पाहिली. मग नेलपॉलिशची गोष्ट आठवली. कुठलाच सुतार मुठीला रंग लावत नाही. काकांनी लावला होता.

आईला काही न सांगता मी रंधा जोडून बॅगेत घातला आणि रोह्याची गाडी धरली. रोह्याअलीकडचं निडी स्टेशन गेलं तरी काय विचारायचं ते ठरत नव्हतं.

शेडच्या जागी आता मोटारसायकली उभ्या होत्या. काकांचा मुलगा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला गेला होता. काका शेजारच्या घराच्या ओट्यावर एकटेच बसले होते. मी रंधा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी मुठीकडे पाहिलं.

"रंग काढलास?"

"व्हय."

"कालेजात हेच शिकवतात काय?" ते हसले नाहीत. त्यांनी मूठ उजव्या हातात धरली आणि अंगठा न शोधता जागेवर गेला. "तुझा बाप गेला त्याच्या पुढच्या पावसात पाणी भरलं. शेडमध्ये छातीएवढं. दोन पेट्या होत्या. एक माळ्यावर टाकली. दुसरीला वळलो तर ती नव्हती." त्यांनी रंधा खाली ठेवला. "पहिली माझी उचलली. हात आपल्या पेटीकडेच गेला. मग तुझ्या आईचा निरोप आला. काय सांगू तिला?"

रंधा तुम्ही ठेवा, एवढं म्हटलं. त्यांनी तो स्वतःच माझ्या बॅगेत परत घातला. "वहिनीला बोलू नको."

मी बोलणार नव्हते. पण घरी आले तेव्हा आई पडवीत वाल सोलत होती. तिने रंधा मागितला, स्वच्छ मूठ पाहून पदराला हात पुसले. "असं धरायचे ना?" म्हणत तिने मूठ डाव्या हातात घेतली. तिचा अंगठा जागा शोधू लागला. शोधतच राहिला. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी सगळं सांगितलं.

आई रडली नाही. तिने विचारलं, "मग त्या माणसानं इतकी वर्षं काम कशानं केलं?"

ते मी विचारलंच नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आईने काकांना बोलावून घेतलं. ते आले आणि उंबऱ्याजवळच बसले. आईने रंधा स्वच्छ कापडात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमचा हाय, भावजी. उद्या तुमच्या घरी पूजा करा."

"वहिनी, मला त्याची पेटी वाचवता आली नाय."

"पुराला कोण अडवणार? पण इतकी वर्षं मी तुमच्या हत्याराला त्यांचं म्हणून कुंकू लावलं. तेवढं सांगायचं होतंत."

आईने चहा दिला. या वेळी ते पूर्ण प्याले. रंधा घेऊन गेले तेव्हा मी एस.टी.पर्यंत सोबत गेले.

दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्याखालची फळी रिकामी होती. जिथे रंधा असायचा तिथे गंजाचा लांबट तांबडा डाग पडला होता. खरं तर तोही बाबांच्या रंध्याचा नव्हता. माझ्याकडे काचकागद उरला होता. तो घेऊन मी डाग घासायला बसले, तर आई फुलांची परडी घेऊन मागे उभी राहिली.

"राहू दे गो," ती म्हणाली.