माझ्या हातची भाकरी

"ऊठ तिथनं," अक्का म्हणाल्या.

मी काटवटीसमोर बसले होते. कोपरापर्यंत हात धुतलेले, बोटांना पीठ लागलेलं, तवा तापलेला. आधणाच्या पाण्यात मळलेला जोंधळ्याच्या पिठाचा गोळा समोर. हुबळीच्या गोकुळ रोडवर आमच्या संस्थेच्या आवारात मांडव घातला होता. बंगळूरचे देणगीदार पाहुणे जेवायला येणार होते. जोंधळा आम्ही बायांनी पिकवलेला, सेंद्रिय. भाकऱ्या मीच करणार असं मी धरून चालले होते. अक्कांनी मला न सांगता खानावळीतली बाई बोलावली होती.

"भाकरीचं ही बघंल. तू भाषणाचं बघ जा."

"आणि मळलेलं पीठ?"

"गाईला घाल."

त्या बाईनं आधी काटवट घासली. राखेनं. माझ्यादेखत.

अक्का म्हणजे आमची संस्था चालवणाऱ्या बाई, धारवाडच्या. माझं माहेर हुबळीचं, दाजीबानपेठेत वडिलांचं कापडाचं दुकान. मला दिलं कलघटगीजवळच्या खेड्यात. नवरा त्या आजारानं, एड्सनं गेला. तपासणीत माझ्याही रक्तात तो निघाला. सासूनं ताट वेगळं केलं, मग चूल, मग गोठ्याशेजारची खोली. माहेरी गेले तर भावानं त्याच्या पोरांना अंगण ओलांडून माझ्यापाशी येऊ दिलं नाही. तेव्हा अक्का आल्या. माझा हात धरून दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू केल्या, शेताचा तुकडा कसायला मिळवून दिला. शेण, गोमूत्र, गूळ कालवून पिकाला घालायचं जीवामृत करायला मी तिथंच शिकले. मी अक्कांना देव्हाऱ्यात बसवलं होतं. खोटं कशाला सांगू?

त्यांची एक रीत होती. गावात सभा असली की मी सगळ्यांसमोर चूल पेटवायची, भाकरी थापायची. अक्का पहिला घास मोडायच्या आणि चावत चावतच कन्नडात सांगायच्या, बघा, हिच्या हातचं खाल्लं, मला काय झालं? हात लावून, जेवून हा आजार होत नाही. त्या एका घासासाठी मी गावोगावी तोंड न झाकता उभी राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, नवऱ्याचं मरण सांगितलं. लोकांनी नाही नाही ते विचारलं. सगळं सोसलं. का, तर अक्का माझ्या हातचं खातात.

म्हणून मी मांडवामागं त्यांना गाठलं. "अक्का, गावागावात माझ्या हातची भाकरी खाता न्हवं तुम्ही?"

त्यांनी पदर सारखा केला. आवाज अगदी मऊ. "ते गावात गं. इथं पाहुणे आहेत."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

लक्ष्मी खांबाला टेकून उभी होती. कोवळी पोर, गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झालेले. आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर नाव सांगणार होती. तिला मीच तयार केलं होतं. भिऊ नकोस, आपल्या अक्का आहेत, असं मीच सांगितलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं बघत होती. मी काय करते त्यावर ती काय करणार ते ठरणार, हे मला कळत होतं.

पाहुणे आले. माझं नाव पुकारलं. मी कन्नडात बोलायचं आणि अक्कांनी त्यांना इंग्रजीत सांगायचं, हे नेहमीचं. मी माईक घेतला आणि म्हणाले, "आज मला चुलीपुढनं उठवलं. माझ्या हातचं मळलेलं पीठ गाईला घालायला लावलं. जोंधळा माझा चालतो, माझा हात चालत नाही. अक्कांनीच उठवलं."

मागं बसलेल्या आमच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. अक्का हसत हसत इंग्रजीत काहीतरी बोलल्या. मला इंग्रजी येत नाही. पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं तर डोळे पुसले. माझ्या तोंडचं बोलणंसुद्धा अक्कांनी राखेनं घासून घेतलं होतं.

मग लक्ष्मीचं नाव पुकारलं. मी माईक खाली ठेवला, तिच्यापाशी गेले आणि तिचा दंड धरला. "तुझं नाव तुझ्यापाशी ठेव. तुला वाटंल तवा सांग, वाटंल त्याला सांग. कुणाच्या पंगतीत वाढायला न्हाई ते." ती उठली नाही. अक्कांनी दोनदा हाक मारली, तरी नाही.

पिठाचा गोळा गाईच्या बादलीशेजारीच होता. मी तो पदरात बांधला आणि लक्ष्मीला घेऊन बसनं गावी आले. चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. पीठ थोडं आंबलं होतं. आम्ही दोघींनी चटणीबरोबर त्या खाल्ल्या. खाताना मी रडले. देव्हारा रिकामा झाला की घर भकास वाटतंच.

अक्कांचा निरोप आला, गैरसमज झाला, परत ये. मी जाणार नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यातनं मिळतात, जीवामृत मला करता येतं. आता कलघटगीच्या बाजारात भाकऱ्या विकायला चूल मांडणार आहे. कुणी विचारलं तर आजार सांगेन, लपवणार नाही. ज्याला खायची त्यानं बसून पोटभर खावी, ज्याला नको त्यानं पुढं जावं. अक्का आल्या तर त्यांनाही वाढेन. पण अख्खी भाकरी खावी लागेल. नुसता दाखवायचा घास माझ्या चुलीवर पुन्हा मिळणार नाही.