साईड

"ए, साईड दे की रं! बहिरा हायेस का?"

हॉर्न असा, की सणसरच्या उसातले ससे तालुका सोडून पळाले असतील. मागं पांढरी गाडी. पुढं मी चालवत होतो तो ट्रॅक्टर, उसानं शिगोशीग दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीत मोळ्यांवर बसलेली माझी बायको, मंगल. डावीकडची साईडपट्टी खचलेली, खाली भरून वाहणारा कालवा. चाक तिकडं घेतलं असतं तर ऊस, ट्रॉली, मंगल, सगळं पाण्यात.

नाही घेतलं.

रस्ता जरा रुंद झाला तसा तो पुढं घुसला. गाडी आडवी लावली. उतरला. बड्या बागायतदाराचं पोर, मिसरूडही धड नाही. मला खाली ओढलं, ट्रॉलीतला ऊस उपसला आणि माझ्या पाठीवर फोडला. उसाच्या कांड्या झाल्या. दुसरा ऊस तोंडावर. ओठ फाटला. रक्त इतकं, की वाफा भिजला असता.

"तुमच्या आळीची लायकीच साईडला राहायची!"

हा इंग्रजी शब्द मला मास्तरांच्या आधी गावानं शिकवला. आरतीला, साईडला उभा राहा. पंगतीला, तुमी साईडला बसा. निवडणुकीला मात्र गोड आवाज, "आमी तुमच्याच साईडनं हाय!" दवाखान्यातली गोळी खाऊन भोवळ आली, तर तोही म्हणे साईड इफेक्ट. चाळिशी आली या शब्दाचे अर्थ सोसता सोसता. एकाही अर्थात मधोमध उभं राहायची सोय नव्हती.

पुढचा फटका मी हवेतच धरला. ऊस हिसकला. गचांडी धरून त्याला त्याच्याच बॉनेटवर आपटला. एकदाच. खोटं कशाला बोलू, दोनदा.

"सोडू नका त्याला!" मंगल वरनं ओरडली.

रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मागं गाड्यांची रांग पार बारामतीपर्यंत. कुणी म्हणतं, पुण्यापर्यंत. एकानंही हॉर्न वाजवला नाही. पोरानं गाडी काढली, तोंड पुसत गेला.

संध्याकाळी ट्रॅक्टरचे मालक तात्या लाल झालेले.

"सकाळी त्याच्या दारात जा. पाया पड. मगच माझ्या ट्रॅक्टरला हात लाव."

मी चावी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"जाणार न्हाय, तात्या."