मांडणीतला डोंगर

नोकरीसाठी पुण्याहून परराज्यात जाताना लेकीने तिचा चिंचिला आमच्याकडे, नंदुरबारला आणून सोडला. सशाहून लहान, खारीसारखी झुपकेदार शेपटी आणि राखेच्या रंगाची लव इतकी दाट, की बोट टेकवले तरी कातडी लागू नये. कुठल्याशा कोरड्या, थंड पर्वतांतला हा जीव. "बाबा, याला गार ठेवा," एवढेच तिने बजावले होते.

ते मी माझ्या पद्धतीने ऐकले. एप्रिलातल्या एका दुपारी तारेच्या अरुंद पिंजऱ्यात तो धापा टाकताना दिसला आणि मी गोणपाट भिजवून पिंजऱ्यावर टाकले. आमच्याकडे माठाला, खिडकीला, कोंबड्यांच्या खुराड्याला उन्हाळ्यात हेच करतात. वरून तांब्याभर पाणी शिंपडले आणि शेजारच्या खोलीत एसी लावून झोपलो.

उठलो तेव्हा त्याची लव अंगाला चिकटून गेली होती. ढगासारखा जीव ओल्या चिंधीएवढा झाला होता. मी पशुवैद्यांना फोन केला. "अहो सर, म्हैस आहे का ती, पाणी मारायला?" ते म्हणाले. "याची लव आतून वाळत नाही. पंच्याने टिपा आणि कोरड्या गारव्यात ठेवा."

तो वाचला. मानेवरचा लवेचा एक पुंजका मात्र गळून पडला आणि माझ्या हातावर येणे त्याने बंद केले. रविवारी लेकीने फोनवर विचारले, "हातावर येतो ना?" मी म्हणालो, "येतो की." पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि ती उठून आत गेली.

त्या दिवसांत मला दुपारी डोळा लागला की डोंगर दिसत. निळसर, निर्जल, कपारींनी भरलेले. आणि मी पायथ्याशी भरलेला तांब्या घेऊन उभा. एका दुपारी जागा झालो तो माळ्यावरची भांड्यांची जुनी लोखंडी मांडणी आठवूनच. ती मी माझ्या झोपायच्या खोलीत, एसीच्या गारव्यात आणून उभी केली. विकत आणली ती फक्त जाळी. ती जोडायला गल्लीतले वेल्डरकाका आले. त्यांनी आधी चिंचिला नीट निरखला.

"भाऊ, हाऊ उंदीर शे का ससा शे?"

"दोन्ही नाही, काका."

"मंग यानासाठे इतला मोठा पिंजरा? मन्हा नातूले बी इतली जागा नही घरमा!"

"त्याला एसीत झोपवतात," पत्नी चहा देताना म्हणाली. "आम्हीच आता पाहुणे."

तळाच्या तारांनी पाय सोलवटतात म्हणून मी प्रत्येक मजल्यावर रंग न लावलेल्या फळ्या बसवल्या, उड्या मारता याव्यात म्हणून खालीवर. जवळच्या कोरीट गावातल्या एका स्नेह्यांच्या शेतातून तुतीच्या फांद्या आणल्या, धुऊन उन्हात कडक वाळवल्या आणि आडव्यातिडव्या अडकवल्या. अंगणातल्या शहाबादी फरशीचा तुकडा तळाशी गेला. कड फुटलेला माठ आडवा ठेवला; ती गुहा. लेकीने दिलेली अंघोळीची भुकटी मातीच्या पसरट परळात ओतली. हा प्राणी पाण्याने नव्हे, धुळीने न्हातो, हे तिने डब्यावर लिहून ठेवले होते. मी ते वाचले नव्हते.

पहाटे तो माठातून बाहेर आला. परळात लोळला, धुळीचा एक लहानसा ढग उठला आणि त्या ढगातूनच तो फांदीवर, फांदीवरून फळीवर गेला. त्याच्या उड्यांना आवाज नव्हता. मी हात पुढे केला. तो आला नाही.

उजाडल्यावर मी लेकीला फोन करून सगळे सांगितले. गोणपाट, पाणी, माझी झोप आणि तो "येतो की" देखील.

ती म्हणाली, "बाबा, मी त्याला घेऊन जाते. पुढच्या महिन्यात."

"ये," मी म्हणालो. "मांडणीही घेऊन जा. त्याचीच आहे."

फोन ठेवून वळलो तो चिंचिला मांडणीच्या तळाशी, फरशीवर येऊन माझ्याकडे पाठ करून बसला होता. थोड्या वेळाने त्याचे डोळे मिटले. याला क्षमा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्याला फरशी गार लागली असेल. मी खोलीचे दार हलकेच लोटले आणि बाहेरच्या उकाड्यात जाऊन बसलो.