पाच फुटांपर्यंत

दिनकरनं माझ्या कमरेच्या पट्ट्यात हात घातला आणि मला एका हातानं डोक्यावर उचललं. गणपतीचा मंडप, खच्चून गर्दी. खालून आमचे वस्ताद म्हणाले, "पाय झाड." मी झाडले. लोक पोट धरून हसले. एकोणीस वर्षांचा होतो मी. उंची पावणेचार फूट. आणि लाज याची वाटते, की त्या शिट्ट्या मला तेव्हा आवडल्या.

जुन्या नाशकातल्या त्या तालमीत मी शरीर कमवायला गेलो होतो. वस्ताद म्हणाले, वजनाला हात लावू नकोस, तुझी हाडं मोडतील. मग मलाच वजन केलं. दिनकर त्यांचा लाडका पठ्ठ्या. त्याच्या प्रदर्शनाची तयारी माझ्यावर चालायची. दुपारी तालीम रिकामी असायची, तेव्हा मी बाकावर आडवा व्हायचो. पाय जमिनीला टेकायचे नाहीत म्हणून खाली विटा रचायचो. बोटं आखूड, लोखंडी दांडी मुठीत मावायची नाही, तळहात सोलून निघायचे. गुडघे ठणकायचे ते वेगळंच. पण काही वर्षांत चाळीस किलोचा मी साठ किलो छातीवरून उचलायला लागलो. बघायला कुणी नव्हतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी गावात शरीरसौष्ठव स्पर्धा लागली. गट उंचीवर पाडलेले. सगळ्यात खालचा गट पाच फुटांपर्यंत. म्हणजे त्यात मीही बसतो, नियम सरळ आहे. मी अर्ज भरला. टेबलावरच्या माणसानं वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. म्हणाले, काळजी करू नको, तुला स्टेजवर आणतोच. मी मूर्ख. विश्वास ठेवला. त्या दिवशी अंगाला तेल चोपडलं, आईला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

माझ्या गटाची बक्षिसं वाटून झाली. मग माझं नाव पुकारलं. "आता थोडी गंमत," माईकवरचा म्हणाला. दिनकर आलाच पट्ट्यात हात घालायला. समोर आई कौतुकानं टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, हीच स्पर्धा.

मी दिनकरचं मनगट धरलं. "हात काढ. मी अर्ज भरलाय."

वस्ताद कडेनं दबक्या आवाजात म्हणाले, "नखरे नको करू. नुसता उभा राहिलास तर तुला कोण बघणार?"

मी उभाच राहिलो. छाती, दंड, पाठ, एकेक करून सगळं दाखवलं. परीक्षक चहा पीत होते. एकानंही पेन्सिल उचलली नाही.

घरी जाताना आई म्हणाली, "चांगलं चाललं होतं की. मधेच का हटून बसलास?" मग तिला सगळं सांगावं लागलं. स्टेजवर उभं राहण्यापेक्षा ते जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तालमीचं दार मला बंद. मी डालड्याच्या डब्यांत सिमेंट ओतून घरीच वजनं केली. तेव्हापासून दरवर्षी अर्ज भरतो. दरवर्षी कुणीतरी हसून तो बाजूला सारतो. सारू दे. मला नंबर नको, ढाल नको. शून्य गुण द्या. पण यादीत माझं नाव लिहा आणि ते शून्य माझ्या नावापुढं लिहा. तोवर मी त्या टेबलासमोरून हलणार नाही.